कृषिपंपांचे स्वयंचलित नियंत्रण

कृषिपंपांचे स्वयंचलित नियंत्रण म्हणजे विहीर, कूपनलिका, नदी किंवा कालव्यावरील विद्युत पंप माणसाच्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय सुरू व बंद करण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात या व्यवस्थेचे सर्वांत साधे व सर्वाधिक प्रचलित रूप म्हणजे 'ऑटो स्विच'. वीजपुरवठा येताच पंप आपोआप सुरू करणे एवढेच त्याचे काम असते. याशिवाय वेळेनुसार चालणारे नियंत्रक, भ्रमणध्वनीवरून चालणारे स्टार्टर आणि संवेदकांवर आधारित ठिबक सिंचनाचे नियंत्रकही वापरात आहेत. या उपकरणांमुळे शेतकऱ्याचे रात्रीचे हेलपाटे वाचतात व मिळालेल्या विजेचा पूर्ण उपयोग होतो. मात्र उपकरणाला दिसणारी खूण मर्यादित असते. वीज आली हे त्याला कळते. विहिरीत पाणी आहे का, मोटार योग्य दिशेने फिरते का, विहिरीत कोणी उतरले आहे का किंवा त्याच क्षणी शेजारचे पंप सुरू होत आहेत का, हे कळत नाही. मोटार जळणे, रोहित्र नादुरुस्त होणे, विजेचा धक्का बसणे आणि पाण्याचा अपव्यय या प्रमुख धोक्यांचे मूळ या मर्यादेत आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या विभाजनानंतर २००५ पासून राज्याच्या बहुतांश भागात वीज वितरणाचे काम महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी (महावितरण) करते. शेतीच्या वाहिन्यांवर तीन-फेज पुरवठा दिवसभर नसतो. तो चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, बहुधा आठ ते दहा तास दिला जातो. रात्रपाळीच्या दिवसांत शेतकऱ्याला मध्यरात्रीनंतर शेतावर जाऊन पंप सुरू करावा लागतो व 'दारे धरावी' लागतात, म्हणजे पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवावे लागते. पुरवठा मध्येच खंडित झाल्यास तो पुन्हा केव्हा येईल याची वाट पाहत विहिरीवर थांबावे लागते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका या परिस्थितीचे ठळक उदाहरण आहे. तालुक्याचा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. भीमा नदीवरील उजनी धरण याच तालुक्यात असून धरण, कालवे, उपसा सिंचन योजना, सीना नदी, विहिरी व कूपनलिका यांच्या आधारे येथे ऊस, डाळिंब, द्राक्षे व केळी ही बागायती पिके घेतली जातात. पाणी जवळ असले तरी ते शेतापर्यंत पोचवण्यासाठी बहुतेक ठिकाणी पंप लागतो. त्यामुळे पिकाचे भवितव्य पावसाइतकेच वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

रात्री शेतावर जाण्यात साप, विंचू व वन्य प्राण्यांचा धोका असतो. डिसेंबर २०२० मध्ये माढ्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा मृत्यू झाला होता. अशा घटनांमुळे रात्रीच्या सिंचनाचा प्रश्न केवळ गैरसोयीचा न राहता जीविताचा होतो. ऑटो स्विचचा प्रसार समजून घेताना ही बाजू दुर्लक्षून चालत नाही.

प्रकार

ऑटो स्विच : हा स्टार्टरला जोडलेला छोटा विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक संच असतो. स्टार्टरचे हिरवे बटण दाबण्याचे काम तो स्वतः करतो. काही संचांत तिन्ही फेज आल्याची खात्री करण्याची व थोडा विलंब देण्याची सोय असते. साध्या संचांत ती नसते.

कालदर्शक नियंत्रक : ठरवलेल्या वेळी पंप सुरू किंवा बंद करतो. वीजपुरवठ्याची वेळ बदलल्यास त्याचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते.

भ्रमणध्वनी स्टार्टर : दूरध्वनी करून किंवा लघुसंदेश पाठवून पंप चालवता येतो. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले 'नॅनो गणेश' हे या प्रकारातील सुरुवातीच्या भारतीय उपकरणांपैकी एक आहे. या प्रकारात पंप सुरू करण्याचा निर्णय माणूसच घेतो, परंतु तो विहिरीजवळ नसतो.

संवेदकाधारित नियंत्रक : जमिनीतील ओलावा, पाण्याचा दाब, प्रवाह, सामू व क्षारता मोजून ठिबक संचाच्या झडपा उघडतो आणि पाण्यातून खते सोडतो. डाळिंब व द्राक्ष बागांत आणि हरितगृहांत त्याचा वापर होतो.

रोहित्रावरील परिणाम

ऑटो स्विचचा सर्वांत गंभीर परिणाम एका शेतावर दिसत नाही. तो रोहित्रावर, म्हणजे ग्रामीण बोलीतील 'डीपी'वर दिसतो. कृषिपंपातील प्रेरण मोटार थेट पद्धतीने सुरू होताना पूर्ण भाराच्या सुमारे पाच ते सात पट विद्युतप्रवाह घेते. मोटारीने गती घेतली की काही सेकंदांत हा प्रवाह नेहमीच्या पातळीवर येतो. पंप एकामागून एक सुरू झाल्यास रोहित्र हा क्षणिक भार सहज पेलते.

उदाहरणादाखल १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रावर ५ अश्वशक्तीचे १६ पंप आहेत असे मानू. अशा रोहित्राची लघुदाब बाजूची पूर्ण क्षमता सुमारे १३३ अँपिअर असते. चालू पंप सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे सोळा पंपांना मिळून १२० अँपिअर लागतात व भार क्षमतेच्या आत राहतो. पंप एकेक करून सुरू केल्यास शेवटचा पंप सुरू होतानाही, आधीच्या पंधरांचे सुमारे ११२ व नव्याचे ४५ धरून, एकूण प्रवाह क्षणभर १५७ अँपिअरच्या आसपास जातो. मात्र सोळाही पंपांना ऑटो स्विच असल्यास पुरवठा येताक्षणी त्यांची एकत्रित मागणी सुमारे ७२० अँपिअर, म्हणजे रोहित्राच्या क्षमतेच्या पाच पटींहून अधिक होते.

एवढ्या मागणीमुळे वाहिनीतील विद्युतदाब घसरतो. प्रेरण मोटारीचे घूर्णबल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब ७० टक्क्यांवर आला तर घूर्णबल निम्म्यावर येते. परिणामी मोटारी लवकर गती घेऊ शकत नाहीत आणि सुरुवातीचा मोठा प्रवाह काही सेकंदांऐवजी बराच वेळ घेत राहतात. एका मोटारीचा विलंब दुसरीचा दाब कमी करतो व दुसरीचा विलंब पहिलीचा. वाहिनीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी दाब येतो आणि बहुधा त्याची मोटार आधी जळते. रोहित्राच्या गुंडाळ्यांचे विद्युतरोधन प्रत्येक वेळी थोडे थोडे तापून कमकुवत होत जाते. वितळतार वारंवार उडते म्हणून तिच्या जागी जाड तार टाकली गेल्यास रोहित्राचे शेवटचे संरक्षणही नाहीसे होते.

रोहित्र जळाल्यावर ऑटो स्विच वापरणारा आणि न वापरणारा असे दोघेही सारखेच अंधारात जातात. ऐन उन्हाळ्यात किंवा पीक फुलोऱ्यात असताना रोहित्र बदलून मिळेपर्यंतचे दिवस संपूर्ण गटाला महागात पडतात. याच कारणाने महावितरणकडून कृषिपंपांचे ऑटो स्विच काढून टाकावेत व पंपांना योग्य क्षमतेचे कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन वेळोवेळी केले जाते.

या प्रश्नात वैयक्तिक व सामूहिक हित परस्परविरोधी ठरते. एकट्या शेतकऱ्याने ऑटो स्विच काढल्यास रोहित्रावरील भार फारसा कमी होत नाही. उलट इतरांचे पंप आधी सुरू झाल्याने त्याला कमी दाबाची वीज मिळते. एकाच नदीपात्रातून किंवा एकाच भूजलसाठ्यातून उपसा होत असल्यास पाण्यातही तो मागे पडतो. त्यामुळे धोका माहीत असूनही उपकरण काढले जात नाही. गटाने एकत्र निर्णय घेतला तरच तो टिकतो.

मोटार व पंपावरील परिणाम

एक फेज जाणे : चालू मोटारीची एक फेज गेल्यास ती उरलेल्या फेजवर फिरत राहते, पण प्रवाह वाढून गुंडाळी तापते. जवळ असलेल्या माणसाला मोटारीच्या बदललेल्या आवाजावरून हे कळते. प्रतिबंधक नसलेल्या स्वयंचलित संचात ते मोटार जळाल्यावरच कळते.

कोरडे चालणे : पाणबुडी पंपातील मोटार पाण्याने थंड होते आणि तिचे धारवेही पाण्यानेच वंगणित होतात. कूपनलिकेची पातळी पंपाच्या खाली गेल्यावर पंप चालू राहिला तर काही मिनिटांतही मोठे नुकसान होऊ शकते. उन्हाळ्यात पाणी टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या कूपनलिकांत हा धोका अधिक असतो.

पुन्हा पुन्हा सुरू होणे : वीज लपंडाव खेळत असेल तर ऑटो स्विच प्रत्येक वेळी मोटार सुरू करतो. प्रत्येक वेळी मोठा प्रवाह जाऊन गुंडाळीची उष्णता साठत जाते. शिवाय झडप गळकी असल्यास पंप बंद पडल्यावर नळातील पाणी खाली येताना पंप उलटा फिरतो. त्याच क्षणी तो सुरू झाल्यास दांड्यावर मोठा ताण येतो.

उलटी दिशा : वाहिनीच्या दुरुस्तीनंतर फेजांचा क्रम बदलल्यास मोटार उलट फिरते. वीज खर्च होते, परंतु पाणी अपेक्षेप्रमाणे येत नाही.

चिकटलेला संपर्क : स्टार्टरमधील संपर्कबिंदू ठिणगीने वितळून एकमेकांना चिकटू शकतात. अशा वेळी नियंत्रकाने बंद करण्याचा आदेश दिला, त्याचा दिवाही विझला, तरी पंप चालूच राहतो. आदेश पाठवला जाणे आणि तो अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पंप बंद झाल्याची खात्री प्रत्यक्ष प्रवाह किंवा पाण्याचा दाब मोजूनच करावी लागते. भ्रमणध्वनी स्टार्टरच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण वापरणारा शेतापासून दूर असतो.

जीवितास धोका

पंपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करण्यासाठी, गाळ काढण्यासाठी किंवा नळाची जोडणी पाहण्यासाठी शेतकरी विहिरीत उतरतो, तेव्हा अनेकदा वीज गेलेली असते. वीज नाही म्हणजे यंत्र निर्धोक आहे, हा समज ऑटो स्विच असताना चुकीचा ठरतो. पुरवठा परत येताच, कोणी बटण न दाबता, मोटार सुरू होते. पट्टा किंवा फिरत्या जोडणीत हात असल्यास इजा होते. तार उघडी असल्यास विजेचा धक्का बसतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी केवळ ऑटो स्विच बंद करणे पुरेसे नसून मुख्य स्विच पाडणे व वितळतारा काढून स्वतःजवळ ठेवणे आवश्यक असते.

पूर व अतिवृष्टीनंतर हा धोका वाढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुरात माढा तालुक्यातील नदीकाठची गावे व शेते पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर स्टार्टरच्या पेटीत गाळ व ओल राहते आणि केबलच्या जोडांतून वीजगळती होऊ शकते. पुरवठा पूर्ववत झाल्यावर भिजलेला संच आपोआप सुरू झाला तर मोटार जळते; भूसंपर्कन सदोष असल्यास पेटी, लोखंडी नळ व ओली जमीन यांत वीज उतरते. म्हणून पूर ओसरल्यावर मोटारीचे विद्युतरोधन तपासेपर्यंत संच वाहिनीपासून पूर्णपणे वेगळा ठेवणे हितावह असते.

पाणी, जमीन व पिकांवरील परिणाम

रात्री आपोआप सुरू झालेला पंप पुरवठा बंद होईपर्यंत चालतो. दारे धरणारा कोणी नसल्यास पाणी एकाच वाफ्यात साचते, बांध फुटतो किंवा शेजाऱ्याच्या शेतात जाते. उसासारख्या पिकाला वर्षानुवर्षे असे अतिरिक्त पाणी मिळाल्यास, निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत क्षार वर येऊन ती चोपण होण्याचा धोका असतो. डाळिंबाला पाणी साचलेली जमीन मानवत नाही. सततच्या ओलाव्यात मर रोगाला अनुकूल स्थिती निर्माण होते. सोलापूर येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र कार्यरत आहे. डाळिंब शेतीत ठिबक सिंचन व पाण्याच्या काटेकोर मात्रेवर भर दिला जातो, तो याच कारणाने.

संवेदकाधारित नियंत्रक हा दोष कमी करतात, पण नव्या चुकांनाही वाव देतात. ओलाव्याचा संवेदक बागेतील एकाच ठिकाणची स्थिती सांगतो. तो मुळांपासून दूर सरकला, त्याच्याभोवती भेग पडली किंवा शेजारची ठिबक नळी तुंबली, तर तो 'जमीन कोरडी आहे' असेच सांगत राहतो आणि साऱ्या बागेला जादा पाणी मिळते. सामू व क्षारता मोजणारे संवेदक ठरावीक काळाने प्रमाणित करावे लागतात. त्यांचे मापन हळूहळू सरकत गेले तर कोणताही इशारा न मिळता खताची मात्रा चुकत जाते. एकदम होणारा बिघाड लक्षात येतो. रोज थोडा वाढणारा दोष पाने करपू लागल्यावरच दिसतो.

इतर क्षेत्रांशी साम्य

माणसाच्या अनुपस्थितीत पाणी हाताळणाऱ्या सर्वच यंत्रणांत असे दोष आढळतात. सागरी प्रवाळ व मासे ठेवण्याच्या मत्स्यालयांत तापमान, क्षारता, सामू व प्रकाश यांचे नियमन संगणकीय नियंत्रक करतात. तापकाचा संपर्क चिकटला तर पाणी तापतच राहते. पातळी दाखवणारा तरंगक अडकला तर बाष्पीभवनाची भरपाई करणारे गोडे पाणी प्रमाणाबाहेर पडून क्षारता घटते. तेथेही स्वतंत्र दुसरे संरक्षण, संवेदकांचे नियमित प्रमाणीकरण व रोजची प्रत्यक्ष पाहणी हेच उपाय मानले जातात. कृषिपंपांच्या बाबतीत एक भेद महत्त्वाचा आहे : मत्स्यालयातील बिघाड बहुधा त्याच टाकीपुरता राहतो, तर एका रोहित्रावरील पंपांचे नियंत्रक एकमेकांच्या वीजपुरवठ्यावर परिणाम करतात.

उपाय

भिन्न विलंब : प्रत्येक पंपाला वीज आल्यानंतर वेगवेगळ्या कालावधीने सुरू होण्याची सोय केल्यास रोहित्रावरील एकत्रित धक्का टळतो. वरील उदाहरणातील सोळा पंपांनी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले तरी शेवटचा पंप साडेसात मिनिटांत सुरू होतो. मात्र सर्वांनी एकच विलंब ठेवल्यास गर्दी नाहीशी न होता केवळ पुढे ढकलली जाते. म्हणून हा क्रम एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी मिळून ठरवावा लागतो.

संरक्षक साधने : एक फेज गेल्यास, फेजांचा क्रम बदलल्यास, दाब कमी झाल्यास आणि पंप कोरडा चालल्यास मोटार बंद करणारी साधने उपलब्ध आहेत. कोरड्या चालण्याचे संरक्षण बहुधा मोटारीचा घटलेला प्रवाह ओळखून काम करते. अतिभारामुळे बंद पडलेली मोटार कारण न शोधता आपोआप पुन्हा सुरू होऊ देऊ नये.

कॅपॅसिटर : योग्य क्षमतेच्या कॅपॅसिटरमुळे शक्तिगुणक सुधारतो, चालू स्थितीतील प्रवाह कमी होतो व दाब सुधारतो. ५ अश्वशक्तीच्या पंपास साधारणतः २ केव्हीएआर क्षमतेचा कॅपॅसिटर वापरला जातो. सर्व पंप एकाच वेळी सुरू होण्याचा प्रश्न मात्र केवळ कॅपॅसिटरने सुटत नाही.

सौम्य आरंभ : मोठ्या मोटारींसाठी तारा-त्रिकोण स्टार्टर वापरल्यास वाहिनीवरील आरंभिक प्रवाह थेट पद्धतीच्या सुमारे एक तृतीयांश होतो.

दिवसा वीजपुरवठा : ऑटो स्विचची गरज मुख्यतः रात्रीच्या व अनिश्चित पुरवठ्यातून निर्माण झाली आहे. शेतीला दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. वैयक्तिक सौर पंपांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. सौर पंपाचा नियंत्रक मोटारीची गती हळूहळू वाढवतो आणि त्याचा भार सामाईक रोहित्रावर येत नाही. तथापि ऊन असेपर्यंत पंप विनाखर्च चालत असल्याने कोरडे चालण्यापासून संरक्षण व उपशावरील मर्यादा यांची गरज तेथेही राहते.

प्रत्यक्ष पाहणी : पाण्याचा प्रवाह, मोटारीचा आवाज, स्टार्टर पेटीची उष्णता, भूसंपर्कन व विहिरीतील पातळी यांची नियमित पाहणी कोणत्याही नियंत्रकाने अनावश्यक ठरत नाही. रात्रीच्या पाळीऐवजी ही पाहणी दिवसा, सोयीच्या वेळी करता येणे, हा स्वयंचलित व्यवस्थेचा खरा लाभ होय.

हेही पहा

उजनी धरण
ठिबक सिंचन
प्रेरण मोटार
महावितरण
रोहित्र
माढा तालुका